चित्रात लपवलेला मजकूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोत मजकूर लपवतात म्हणजे नेमकं काय करतात?

संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. साध्या रंगीत चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलचे, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचे, तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. लाल १५४ आहे की १५५, हे कुणाच्याही डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्यालाही ते धड ठरवता येत नाही: एकाच भिंतीचे लागोपाठ दोन फोटो काढले, तर त्याच जागी सेन्सर एकदा १५४ नोंदवतो आणि एकदा १५६. संगणक आकडा ० आणि १ च्या ओळीने लिहितो, त्यातला प्रत्येक ० किंवा १ म्हणजे एक बिट. आकड्याचा शेवटचा बिट असा मुळातच डळमळीत असतो. तिथे आपल्याला हवी ती माहिती भरायची आणि चित्र आधीसारखंच दिसू द्यायचं, याला स्टेगनोग्राफी म्हणतात. ज्या चित्रात लपवायचं त्याला या पानावर आपण वाहक चित्र म्हणू.

एखादं उदाहरण आकड्यांनिशी दाखवाल का?

‘म’ हे अक्षर लपवू. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. ‘म’चे बाइट असे: १११०००००, १०१००१००, १०१०१११०. एकूण २४ बिट. एका पिक्सेलमध्ये तीन रंग, प्रत्येक रंगात एक बिट, म्हणजे एका ‘म’साठी आठ पिक्सेल लागणार. त्यातले पहिले तीन असे:

पहिला पिक्सेल १५४, १२१, ९८. लपवायचे बिट १, १, १. बदलल्यावर १५५, १२१, ९९.
दुसरा पिक्सेल १५३, १२०, ९७. लपवायचे बिट ०, ०, ०. बदलल्यावर १५२, १२०, ९६.
तिसरा पिक्सेल १५५, १२२, ९९. लपवायचे बिट ०, ०, १. बदलल्यावर १५४, १२२, ९९.

नियम एकच. बिट १ असेल तर आकडा विषम हवा, ० असेल तर सम. नऊपैकी पाच आकडे बदलावे लागले, चार आधीपासूनच हवे तसे होते. मजकूर मोठा असला की हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. वाचणारा याच क्रमाने पिक्सेल तपासतो, सम-विषम लिहीत जातो आणि आठ-आठ बिटांचे बाइट जुळवतो. कुठे थांबायचं हे त्याला कळावं म्हणून बहुतेक प्रोग्राम सुरुवातीच्या काही बिटांत मजकुराची लांबी लिहून ठेवतात.

एका फोटोत किती मजकूर मावतो?

१९२० × १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकी तीन बिट धरले तर ६२,२०,८०० बिट, म्हणजे ७,७७,६०० बाइट, म्हणजेच देवनागरीची २,५९,२०० चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी इथे वेगळ्या मोजायच्या. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून पाच चिन्हांचा, त्याला ४० पिक्सेल लागतात. या हिशेबाने एका फोटोत अख्खी कादंबरी जाते.

ही बेरीज बरोबर असली तरी फसवी आहे. मावतं तेवढं भरलं की ते सापडतं, तेही चुटकीसरशी. का, ते पकडण्याच्या प्रश्नात येईल. तूर्त एवढं लक्षात ठेवा, की न सापडता किती मजकूर नेता येईल याचा अंदाज चित्राच्या आकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. चित्र चौपट मोठं घेतलं तर मजकूर जेमतेम दुप्पट सुरक्षित होतो. अँड्र्यू केर आणि इतर संशोधकांनी हा वर्गमुळाचा नियम मांडला. ‘मोठा फोटो घ्या, खूप मावेल’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंत त्याचा उल्लेख कधी दिसत नाही.

मग हे एन्क्रिप्शनच झालं ना?

नाही. एन्क्रिप्शनमध्ये मजकूर वाचता येत नाही, पण काहीतरी गुप्त चाललंय हे कुणालाही दिसतं. स्टेगनोग्राफीत गुप्त काही चाललंय हेच दिसू द्यायचं नसतं. दोन्ही एकत्र वापरता येतात आणि वापरावीतच: मजकूर आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, आणि शेवटी चित्रात. क्रम उलटवू नका. एन्क्रिप्ट केलेला डेटा विस्कळीत दिसतो, त्यामुळे तो नंतर आकसत नाही.

नुसत्या लपवण्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना आग्रह धरला होता, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त राहिली पाहिजे. तोच दंडक इथे लागू होतो. तुम्ही वापरलेला प्रोग्राम समोरच्याकडेही आहे असं धरूनच चाला.

हे तंत्र किती जुनं आहे?

चित्रांतलं संगणकीय रूप अलीकडचं. मूळ कल्पना फार जुनी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की हिस्टिअस नावाच्या माणसाने गुलामाचं डोकं भादरून त्यावर निरोप गोंदवला, केस वाढू दिले आणि मग त्याला पाठवून दिलं. डेमाराटसने मेणाच्या पाटीवरचं मेण खरवडून खालच्या लाकडावर निरोप लिहिला आणि वर पुन्हा मेण ओतलं. पाटी कोरी दिसली. पुढे जर्मन मठाधिपती योहानेस ट्रिथेमियसने १५०० च्या सुमाराला या विषयावर ग्रंथ लिहिला. तो १६०६ मध्ये छापला गेला आणि १६०९ मध्ये चर्चच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत गेला, कारण लोकांना त्यात भुताखेतांचे मंत्र दिसत होते. त्याचा तिसरा भागही निव्वळ सांकेतिक लेखन आहे, हे उलगडायला १९९० चं दशक उजाडलं. इतका काळ लपून राहिलेली लपवण्याची पद्धत दुसरी सापडणं कठीण.

आजच्या संशोधनाची मांडणी मात्र गुस्टाव्हस सिमन्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या कोड्यावर उभी आहे. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत, पळून जायचा बेत शिजवायचाय. जेलर चिठ्ठ्या पोहोचवायला तयार आहे, पण प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचणार. सांकेतिक काही दिसलं की दोघांची रवानगी अंधारकोठडीत. कैद्यांनी बेत पोहोचवायचा कसा? आज कैद्यांच्या जागी कुणीही दोघं, चिठ्ठीच्या जागी फोटो, आणि जेलरच्या जागी मधली यंत्रणा.

जेपीईजी फोटोत ही सम-विषमची युक्ती चालते का?

जशीच्या तशी नाही. जेपीईजी फाइलमध्ये पिक्सेलचे आकडे साठवलेलेच नसतात. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनाचं गणिती रूपांतर करून ६४ नवे आकडे, म्हणजे सहगुणक, काढतात, आणि ते ठरलेल्या संख्यांनी भागून पूर्णांकात आणतात. ही पूर्णांकात आणायची पायरी म्हणजेच कॉम्प्रेशन. बारीकसारीक फरक तिथेच गळतो, आणि तुमचा लपवलेला बिट म्हणजे बारीकसारीक फरकच. पिक्सेलचे आकडे जसेच्या तसे जपणाऱ्या पीएनजी फाइलीत मजकूर लपवून ती जेपीईजी म्हणून साठवली की हाती काही उरत नाही.

म्हणून जेपीईजीसाठीचे प्रोग्राम पिक्सेलला हात न लावता पूर्णांक झालेल्या सहगुणकांत लपवतात. त्या पायरीनंतर फाइलमध्ये काही गळत नाही, त्यामुळे तिथला बिट टिकतो. जेस्टेग हा सुरुवातीचा प्रोग्राम ० आणि १ सोडून बाकी सहगुणकांचा शेवटचा बिट बदलायचा. २००१ मध्ये आंद्रेआस वेस्टफेल्ड यांनी एफ५ पद्धत मांडली. ती बिट बदलण्याऐवजी सहगुणक शून्याच्या दिशेने एकने सरकवते आणि कमीत कमी बदलांत जास्त बिट बसवते. फाइलच्या सुमारे १३ टक्के इतका मजकूर मावतो असा त्यांचा दावा होता.

पुढच्याच वर्षी जेसिका फ्रिड्रिश आणि सहकाऱ्यांनी ती उघडी पाडली. त्यांची युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वात देखणी वाटते. संशयित जेपीईजी उघडायचं, कडेचे चार पिक्सेल कापायचे, पुन्हा तितक्याच दर्जाने कॉम्प्रेस करायचं. ८ × ८ ची जाळी चार पिक्सेलने सरकल्यामुळे लपवाछपवीचा ठसा पुसला जातो, आणि मूळ चित्रात सहगुणकांची वाटणी कशी असावी याचा चांगला अंदाज हातात येतो. मूळ फोटो न बघताच त्याच्याशी तुलना करता येते.

व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत मजकूर टिकतो का?

फोटो म्हणून पाठवला तर टिकत नाही. ॲप तो लहान करतं आणि नव्याने कॉम्प्रेस करतं. एचडी निवडलं तरी कॉम्प्रेशन होतंच. बहुतेक सोशल मीडियाचंही तेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते, ईमेलच्या अटॅचमेंटचंही तसंच. पण मंडळी सुट्टीचे फोटो एरवी डॉक्युमेंट म्हणून पाठवतात का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. सवयीपेक्षा वेगळं वागणं हाच कधीकधी पुरावा ठरतो.

स्क्रीनशॉट काढला तर?

मजकूर गेला असंच धरा. आकार आणि रंग यांतलं काही ना काही बदलतंच.

फोटोला झिप फाइल जोडायची युक्ती ऐकली आहे. ती हीच का?

ती वेगळी आणि फारच भाबडी. जेपीईजी वाचणारा प्रोग्राम शेवटची खूण दिसली की थांबतो. त्यापुढे काही असलं तरी तो बघत नाही. झिपची अनुक्रमणिका उलट फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे झिप उघडणारा प्रोग्राम शेवटाकडून वाचायला लागतो. दोन्ही फाइली एकामागे एक चिकटवल्या, की तीच फाइल फोटो म्हणूनही उघडते आणि झिप म्हणूनही. गंमत म्हणून छान. पण फोटो दिसतो साधा आणि फाइल ४० एमबीची, हे कुणाच्याही नजरेत भरेल. फाइलच्या आत दडलेल्या फाइली शोधणारा बिनवॉकसारखा प्रोग्राम ते एका आदेशात दाखवतो.

लपवलेलं पकडलं जातं का? कसं?

जातं, आणि डोळ्यांनी नव्हे, मोजणीने. नवख्यांचा सगळा जीव ‘फोटो सारखाच दिसतोय ना’ यात अडकलेला असतो. पण चित्र जसंच्या तसं दिसतंय याला शोधणाऱ्याच्या दृष्टीने काहीच किंमत नाही.

वरच्या उदाहरणाकडे परत या. १५४ हा आकडा विषम करायचा तर १५५ होतो. १५५ सम करायचा तर १५४ होतो. १५४ चा १५३ कधीच होत नाही. म्हणजे आकड्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: १५२ आणि १५३, १५४ आणि १५५, १५६ आणि १५७. आकड्यांची अदलाबदल फक्त जोडीच्या आत होते. आता समजा, मूळ फोटोत १५४ हा आकडा ९०० वेळा आलाय आणि १५५ हा ६०० वेळा. एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरात ० आणि १ साधारण सारखेच असतात. तो मजकूर चित्रभर ठासून भरला, की दोन्ही आकडे ७५० च्या आसपास येतात. प्रत्येक जोडीत हेच घडतं. सगळ्या चित्रात शेजारचे आकडे दोन-दोनच्या जोड्यांनी सारखे झालेले दिसले, तर तो योगायोग नसतो. किती सारखे झाले हे तपासायला शाळकरी संख्याशास्त्रातली काय-स्क्वेअर चाचणी पुरते. वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्झमन यांनी ती १९९९ मध्ये वापरून दाखवली.

मजकूर थोडा असेल आणि चित्रभर विखरून ठेवला असेल तर ही चाचणी गडबडते. पण २००१ मध्ये फ्रिड्रिश यांच्याच गटाने आणलेली आरएस पद्धत शेजारच्या पिक्सेलमधलं नातं बघते. मुद्दाम काही बिट उलटे करून चित्राचा खडबडीतपणा किती वाढतो हे ती मोजते, आणि त्यावरून ‘इथे लपवलेलं आहे’ एवढंच नव्हे, तर साधारण किती लपवलंय हेही सांगते. त्यानंतर यंत्राला हजारो साधी आणि हजारो भरलेली चित्रं दाखवून शिकवण्याचे दिवस आले. बॉसबेस नावाचा १०,००० कृष्णधवल चित्रांचा संच यासाठी बरीच वर्षं वापरला जातोय. आता एसआरनेटसारखी न्यूरल नेटवर्क हे काम करतात.

यावर लपवणाऱ्यांकडे तोड आहे का?

आहे. पहिली सोपी: बिट बदलायची वेळ आली की नाणेफेक करून एकने वाढवा किंवा एकने कमी करा. १५४ कधी १५५ होईल, कधी १५३. जोड्या मोडतात आणि काय-स्क्वेअर आंधळी होते. एवढासा बदल, पण शोधणाऱ्यांचं काम त्याने खूपच अवघड केलं.

दुसरी तोड जास्त विचारपूर्वक आहे. मोकळ्या आकाशात एखादा पिक्सेल एकने हलवला तर गणिताला ते जाणवतं, कारण शेजारचे सगळे पिक्सेल एकसारखे असतात. गवत, केस, खडी, झाडाची पानं अशा गुंतागुंतीच्या भागात काहीही हललं तरी खपून जातं. मग प्रत्येक पिक्सेलला ‘इथे बदल केला तर किती महागात पडेल’ अशी किंमत लावायची आणि एकूण खर्च कमीत कमी येईल अशा रीतीने मजकूर बसवायचा. ह्यूगो ही २०१० ची पद्धत याच विचाराची, एस-युनिवॉर्डही त्याच वाटेची. हे शब्दांत सोपं वाटलं तरी खर्च कमी करत बिट बसवण्याचं गणित अवघड आहे. घरी बसून दोन तासांत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ते येत नाही.

वाहक म्हणून कोणतं चित्र घ्यावं?

स्वतः काढलेलं, तपशिलांनी भरलेलं, कुठेही न टाकलेलं. लपवून झालं की मूळ प्रत नष्ट करा. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र कधीही घेऊ नका. मूळ चित्र कुणालाही सापडेल, आणि दोन फाइली शेजारी ठेवल्या की कुठले पिक्सेल बदललेत ते लगेच उघडं पडेल. एकच फोटो दोन वेगळ्या निरोपांसाठी वापरला तरी तेच होतं.

लोगो, कार्टून, स्क्रीनशॉट, एकरंगी पार्श्वभूमी हे सगळं टाळा. जळून पांढऱ्या झालेल्या आकाशाचा फोटोही टाळा. तिथे सलग २५५ असतात, त्यात मधूनच २५४ दिसले तर संशय आलाच. जिफ तर त्याहून वाईट, कारण त्यात जास्तीत जास्त २५६ रंगांची यादी असते आणि पिक्सेलमध्ये रंगाचा फक्त क्रमांक. क्रमांक एकने बदलला तर शेजारचा रंग पोपटीही निघू शकतो. पूर्वी कॉम्प्रेस केलेलं जेपीईजी उघडून, पीएनजी करून त्यात लपवणं हाही नेहमीचा घोटाळा. जुन्या कॉम्प्रेशनच्या चौकोनी खुणा पिक्सेलमध्ये असतात, आणि त्या खुणांशी न जुळणारा प्रत्येक आकडा बोलका ठरतो.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

शिकण्यासाठी स्टेगहाइड किंवा ओपनस्टेगो. दोन्ही मोफत आहेत. स्टेगहाइड जेपीईजी आणि बीएमपी चित्रांत तसंच वेव्ह आणि एयू ध्वनिफाइलींत लपवतं, पीएनजी घेत नाही. मजकूर लपवण्याआधी तो स्वतःच एन्क्रिप्ट करतं.

खऱ्या गुपितासाठी मात्र स्टेगहाइडवर भिस्त ठेवू नका. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००३ ची आहे. मजकूर कुठे कुठे विखरायचा हे ठरवणारा त्यातला बीज-आकडा फक्त ३२ बिटांचा, त्यामुळे सगळे पर्याय चाळून ‘या फाइलमध्ये काहीतरी आहे’ हे पासवर्डशिवायही ओळखता येतं. ही त्रुटी २०२१ मध्ये अधिकृतपणे नोंदली गेली. आणि पासवर्ड साधा असेल तर विषयच संपला: स्टेगसीक नावाचा प्रोग्राम फुटलेल्या पासवर्डांची सुमारे १ कोटी ४० लाख शब्दांची यादी काही सेकंदांत तपासून टाकतो. वेबसाइटवर चित्र चढवून ‘ऑनलाइन लपवा’ छाप सेवांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे तुमचं गुपित लपवण्याआधीच दुसऱ्याच्या संगणकावर पोचलेलं असतं.

हे खरंच कुणी वापरतं, की नुसत्या कथा?

दोन्ही. २००१ मध्ये दहशतवादी इंटरनेटवरच्या चित्रांत निरोप दडवतात अशा बातम्यांचं पेव फुटलं होतं. नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी ईबेवरची २० लाखांहून जास्त चित्रं उतरवून तपासली, नंतर यूजनेट या जुन्या चर्चा-मंचांच्या जाळ्यावरचीही १० लाख. एकही लपवलेला निरोप सापडला नाही.

पण पुढे खरी प्रकरणंही आली. जून २०१० मध्ये अमेरिकेत रशियाचे दहा छुपे हेर पकडले गेले. सार्वजनिक वेबसाइटवरच्या चित्रांत ते निरोप दडवत, असं एफबीआयने न्यायालयात सांगितलं. प्रोग्राम उघडायला २७ अक्षरांचा पासवर्ड लागत होता, आणि तो घरात कागदावर लिहून ठेवलेला सापडला! गणित कितीही पक्कं असलं तरी माणूस चिठ्ठी लिहितोच. दुसरं प्रकरण औद्योगिक चोरीचं. अमेरिकेतल्या एका अभियंत्याने टर्बाइनची गोपनीय माहिती सूर्यास्ताच्या फोटोच्या फाइलमध्ये घालून स्वतःलाच ईमेल केली. २०१८ मध्ये त्याला अटक झाली, २०२३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा. सूर्यास्तच का, तर मेलमधल्या सूर्यास्ताच्या फोटोकडे कोण दुसऱ्यांदा बघतं?

सर्वात जास्त वापर मात्र मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, बनवणाऱ्यांचा. त्यांना माणसांशी बोलायचं नसतं, सुरक्षा यंत्रणांच्या नाकाखालून आदेश न्यायचे असतात. झ्यूस या बँक लुटणाऱ्या मालवेअरच्या एका प्रकाराने २०१४ मध्ये आपली सेटिंग फोटोत दडवली होती. २०१६ मध्ये ईसेट कंपनीने उघड केलेल्या प्रकारात जाहिरातींच्या बॅनरमधल्या पारदर्शकतेच्या आकड्यांत घातक कोड भरलेला होता.

म्हणजे नुसता फोटो उघडून व्हायरस लागू शकतो?

लपवलेला डेटा स्वतःहून काही करत नाही. तो बाहेर काढून चालवणारा दुसरा प्रोग्राम आधीपासून संगणकात असावा लागतो, किंवा पानावर चालणारी स्क्रिप्ट असावी लागते. वरच्या बॅनरच्या प्रकारात तशी स्क्रिप्टच होती, आणि तिलाही ब्राउझर आणि फ्लॅशमधल्या जुन्या त्रुटींचा आधार लागत होता.

फोटो उघडल्यावर खरा धोका होतो तो वेगळ्या कारणाने: चित्र वाचणाऱ्या प्रोग्राममध्येच चूक असेल, तर मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली फाइल तिचा फायदा घेते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत अशी चूक सापडली आणि जवळपास सगळ्या ब्राउझरना घाईघाईने अपडेट काढावे लागले. त्याचा स्टेगनोग्राफीशी संबंध नाही. अपडेट टाळू नका, एवढाच उपाय.

वॉटरमार्क आणि हे एकच का?

भावंडं म्हणा. वॉटरमार्क म्हणजे चित्र कुणाचं किंवा कुठून आलं हे सांगणारी, चित्रातच पेरलेली खूण. स्टेगनोग्राफीत लपवलेलं आहे हेच कळू नये, पण पुसलं गेलं तर नवा फोटो पाठवता येतो. वॉटरमार्कमध्ये तो आहे हे जगजाहीर असलं तरी हरकत नसते, पुसता मात्र येता कामा नये. त्यामुळे तो थोडेच बिट नेतो आणि ते पुन्हापुन्हा, चित्रभर, दणकट पद्धतीने पेरतो. यात आता न्यूरल नेटवर्क आली आहेत. बर्कलीच्या संशोधकांची स्टेगास्टॅम्प ही पद्धत तर चित्र कागदावर छापून मोबाइलने त्याचा फोटो काढला तरी बिट परत देते. एआयने बनवलेली चित्रं ओळखता यावीत म्हणून गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेलं सिंथआयडी याच घरातलं.

रंगीत लेझर प्रिंटरचंही एक सांगण्यासारखं आहे. त्यांतले बरेचसे प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे पिवळे ठिपके छापतात. त्यात प्रिंटरचा क्रमांक आणि छापल्याची तारीख-वेळ असते. २००५ मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने झेरॉक्सच्या एका मॉडेलचे ठिपके वाचून दाखवले.

फोटोत जागेची माहिती असते म्हणतात, ती कुठे लपलेली असते?

ती लपलेली नसतेच. फाइलच्या सुरुवातीला एक्झिफ नावाचा कप्पा असतो, त्यात कॅमेरा, वेळ आणि जीपीएस उघडपणे लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या, मॅकॅफी अँटीव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफी यांचा एका मासिकाने फोटो छापला, आणि त्याच्या एक्झिफवरून ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं. बहुतेकांना भीती वाटायला हवी ती याची.

माझ्याकडे आलेल्या फोटोत काही दडलंय का, कसं बघू?

आधी सोपं ते. फाइलचा आकार वाजवी आहे का बघा. एक्झिफटूलने मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली फोटोबद्दलची माहिती, वाचा, टिपणाच्या रकान्यात कधी सरळ मजकूरच सापडतो. बिनवॉकने शेवटी काही चिकटवलंय का तपासा. पीएनजी किंवा बीएमपी असेल तर अशा बिटांत लपवलेलं शोधणारा झेडस्टेग हा प्रोग्राम चालवा. चित्राचा फक्त शेवटचा बिट घेऊन त्याचं काळं-पांढरं चित्र काढा. वरून सलग भरत आणलेला मजकूर असेल, तर चित्राचा वरचा भाग टीव्हीच्या मुंग्यांसारखा दिसतो आणि अचानक आडवी रेघ मारल्यासारखा संपून खाली मूळ चित्राचे आकार दिसू लागतात.

यातून काही निघालं नाही, याचा अर्थ फोटो कोरा आहे असा होत नाही. आणि तुम्हाला नुसता धोका टाळायचा असेल, तर शोधत बसू नका. फोटो थोडा लहान करून जेपीईजीत नव्याने साठवा. वॉटरमार्क सोडला तर बाकी लपवलेलं जवळपास सगळं त्यात मरतं.

हे करणं बेकायदेशीर आहे का?

प्रश्न सहसा तंत्राचा नसतो, काय लपवलं आणि ते कुणाचं होतं याचा असतो. मालकाची फाइल फोटोत घालून बाहेर नेली तर ती चोरीच. काही देशांत एन्क्रिप्शनवरही निर्बंध आहेत, त्यामुळे जिथे राहता तिथला कायदा बघा.

पासवर्ड विसरलो. आता?

पासवर्ड चांगला होता, तर मजकूर गेला. वाईट होता, तर स्टेगसीक.

मला हे शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत चित्रं हाताळणारी पिलो ही लायब्ररी घेऊन ‘म’चं उदाहरण स्वतः लिहा. लपवणारा आणि वाचणारा असे दोन प्रोग्राम, दोन्ही मिळून पन्नासएक ओळींत होतात. फाइल पीएनजीतच साठवा. मग आपल्याच चित्रावर झेडस्टेग चालवा. ते बहुधा पहिल्याच फटक्यात सापडेल. त्यानंतर मजकूर सलग न भरता पासवर्डवरून ठरणाऱ्या क्रमाने विखरा, सम-विषम बदलण्याऐवजी नाणेफेकीने एक वाढवा किंवा कमी करा, मजकूर दहापट लहान करा, आणि दर बदलानंतर शेवटच्या बिटाचं चित्र आणि आकड्यांचा आलेख पुन्हा काढा. सीटीएफ (कॅप्चर द फ्लॅग) या संगणक-सुरक्षेच्या स्पर्धांमध्ये या विषयाची कोडी नेहमी असतात. जुनी कोडी आणि त्यांची उत्तरं मोफत मिळतात, पण उत्तर बघण्याआधी एक संध्याकाळ तरी स्वतः झटा.